मणिकर्णिका आणि भिकबाळी

काशीतील ज्या घाटावर चितेचा अग्नी कधी विझत नाही असे म्हणतात, त्या मणिकर्णिकेचे नाव एका कर्णभूषणाचे आहे. मणिकर्णिका म्हणजे रत्नजडित कानातले. ही व्युत्पत्ती इतकी उघड आहे की तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आणि गेलेच तर ते कर्णभूषण कोणाचे, हा प्रश्न विचारण्याची गरज कोणाला भासत नाही. नावाडी सांगतो, घाटावरचा पंडा सांगतो, यात्रेकरू घरी परतून सांगतो की येथे पार्वतीच्या कानातले पडले व शंकर ते शोधीत राहिला. ऐकणाऱ्याला ते पटते. कानातले स्त्रीचेच असणार, हे त्याने ऐकण्यापूर्वीच गृहीत धरलेले असते.

स्कंदपुराणातील काशीखंड मात्र निराळे सांगते. विष्णूने आपल्या चक्राने तेथे एक पुष्करिणी खणली, स्वतःच्या अंगाच्या घामाने ती भरली आणि तिच्या काठी दीर्घ काळ उग्र तप केले. ते तप पाहून शिवाला इतका विस्मय वाटला की त्याने मस्तक डोलविले. सर्पाचे कर्णभूषण धारण करणारे ते मस्तक हलताच त्याच्या कानातून मण्यांनी मढविलेली मणिकर्णिका गळून पडली. म्हणून त्या चक्रपुष्करिणीला मणिकर्णिका हे नाव मिळाले. घाटावर ते कुंड आजही दाखविले जाते. कथेचा मर्मबिंदू दागिन्याच्या हरवण्यात किंवा शोधण्यात नाही, तो मान डोलविण्यात आहे. एका देवाच्या तपाला दुसऱ्या देवाने दिलेली ती दाद आहे, आणि ती देताना दाद देणाऱ्याच्या अंगावरील अलंकार सहज निखळला आहे. ज्या समाजात थोर पुरुषाच्या कानात अलंकार असणे हे डोळ्यांच्या सवयीचे होते, त्या समाजालाच ही कल्पना इतक्या सहजपणे सुचू शकते.

यावरून एक सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पुरुषांनी कानातली टाकली, म्हणून कथेतील शिवानेही आपले कानातले पार्वतीला देऊन टाकले, असे म्हणणे आकर्षक आहे. परंतु ते पूर्ण सत्य नव्हे. शाक्तपीठांची गणना करणाऱ्या ‘पीठनिर्णय’ नावाच्या ग्रंथात वाराणसीला सतीचे कुंडल पडले, तेथील देवता विशालाक्षी, असे सांगितलेले आहे आणि मणिकर्णीचे नावही तेथे येते. दिनेशचंद्र सरकार यांनी 1948 साली आपल्या शाक्तपीठांवरील प्रबंधात या ग्रंथाची चिकित्सा केली आहे. देवीच्या कुंडलाची कथा अशा रीतीने इंग्रजी राज्यापूर्वीचीच आहे. शैव कथेच्या शेजारी ती शाक्त परंपरेतून वाढलेली आहे. मात्र दोन कथा शेजारीशेजारी नांदत असता लोकांच्या तोंडी कोणती उरते, हा प्रश्न निराळा. आजच्या श्रोत्याला पार्वतीची कथा आपोआप कळते, शिवाची कथा समजावून द्यावी लागते. दोन कथांपैकी एकीला भाष्याची गरज पडू लागली, एवढाच बदल येथे निश्चयाने सांगता येतो. आणि अभिरुचीच्या इतिहासाच्या दृष्टीने तो काही लहान नाही.

पुरुषाच्या कानातील कुंडलाला मुळात कोणता अर्थ होता, हे पाहण्यासाठी गृह्यसूत्रांकडे वळावे लागते. आश्वलायन गृह्यसूत्रात समावर्तनाच्या प्रसंगी, म्हणजे अध्ययन पुरे करून घरी परतताना, स्नातकासाठी जे साहित्य जमवावयाचे त्याची यादी आहे. मणी, दोन कुंडले, वस्त्रांची जोडी, छत्री, पादत्राणे, दंड, माळ, उटणे, अनुलेपन, अंजन, उष्णीष अशी ती यादी आहे. ब्रह्मचाऱ्याला बारा वर्षे जे जे वर्ज्य होते ते ते एका दिवसात त्याच्या हाती येते. मनुस्मृतीही स्नातकाने वेळूची काठी, कमंडलू व यज्ञोपवीत यांबरोबर सोन्याची तेजस्वी कुंडले बाळगावीत असे सांगते. येथे कुंडल हे शृंगाराचे साधन नाही, सत्तेचेही नाही. गृहस्थाश्रमाच्या उंबरठ्यावर आलेल्या, जगात वावरण्यास योग्य ठरलेल्या तरुणाची ती खूण आहे. छत्री आणि जोडे यांच्या पंक्तीला तिला बसविले आहे, यातच तिचे स्वरूप स्पष्ट होते.

विशेष असे की हीच जुनी गृह्यसूत्रे कान टोचण्याच्या संस्काराविषयी बहुधा मौन पाळतात. गौतमाने गणलेल्या चाळीस संस्कारांत कर्णवेध नाही. तो येतो कात्यायनाच्या परिशिष्टात आणि उत्तरकालीन स्मृतींत. याचा अर्थ असा की कान टोचलेले असणे ही आधी नित्याची रीत होती; तिचा संस्कार पुढे झाला. रूढी सार्वत्रिक असते तेव्हा तिला मंत्राची आवश्यकता नसते. काशी हिंदू विश्वविद्यालयाचे प्राध्यापक राजबली पांडेय यांनी आपल्या ‘हिंदू संस्कार’ या ग्रंथात या क्रमाचे विवेचन केले आहे, आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासातही त्याची नोंद आहे. मध्ययुगीन वचनांत तर ज्याच्या कानाच्या छिद्रातून सूर्यकिरण जात नाही अशा ब्राह्मणाचे दर्शनही पुण्यहानिकारक ठरविले गेले. सुईसुद्धा वर्णावर वाटून दिली गेली: क्षत्रियाला सोन्याची, ब्राह्मण व वैश्य यांना रुप्याची, शूद्राला लोखंडाची. दागिना कोणी घालावा हा वाद तेथे नव्हता. तो सर्वांनीच घालावयाचा होता. भोक कोणत्या धातूने पाडावे, एवढाच भेद उरला होता.

वैद्यकाने याच कृतीकडे निराळ्या दृष्टीने पाहिले, आणि तेथेही काशीचा संबंध येतो. सुश्रुतसंहितेचा उपदेश काशिराज दिवोदास धन्वंतरीने केला, अशी त्या ग्रंथाचीच भूमिका आहे. सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात कर्णवेधाचा विधी आहे. बालकाचे रक्षण आणि भूषण ही त्याची दोन कारणे सांगितली आहेत. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, शुक्लपक्षात, मूल दाईच्या मांडीवर बसवून, खेळणी दाखवून त्याला भुलवावे. डाव्या हाताने कान ओढून सूर्याच्या उजेडात जेथे नैसर्गिक पातळ जागा दिसेल तेथेच उजव्या हाताने सरळ विंधावे. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. नंतर तेलात भिजविलेली कापसाची वात घालावी आणि तीन तीन दिवसांनी ती थोडी जाड करीत जावी. जागा चुकून शीर विंधली गेली तर कोणते विकार होतात, त्यांची नावेही दिली आहेत. मुलगा आणि मुलगी यांत येथे केवळ क्रमाचा भेद आहे. त्याच अध्यायात पुढे फाटलेल्या पाळ्या सांधण्याचे पंधरा प्रकार वर्णिलेले आहेत. शल्यतंत्राच्या इतिहासकारांनी ज्या विद्येचा गौरव केला तिच्या मुळाशी जड दागिन्यांनी लोंबलेले कान आहेत, ही गोष्ट काहीशी विनोदी वाटली तरी खरी आहे.

सोळाव्या शतकापासून काशीत धर्मनिर्णयाचे सूत्र बऱ्याच अंशी महाराष्ट्रीयांच्या हाती होते. पैठणहून आलेल्या रामेश्वरभट्टांचे घराणे, त्यांचे पुत्र नारायणभट्ट, पुढे 1612 साली ‘निर्णयसिंधु’ पूर्ण करणारे कमलाकरभट्ट, ‘संस्कारमयूखा’सह बारा मयूखांचे कर्ते नीलकंठभट्ट आणि 1674 साली रायगडावर शिवराज्याभिषेक करणारे गागाभट्ट, ही परंपरा सुपरिचित आहे. कर्णवेधाचे मास, तिथी, नक्षत्र यांचा निर्णय या निबंधकारांनी केला आणि तो कोकणापासून गंगेपर्यंत प्रमाण मानला गेला. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगाघाट या परिसरातील मराठी वस्तीत कान टोचण्याचा मुहूर्त आणि पुण्याच्या शनिवार पेठेतील मुहूर्त यांचा आधार एकच होता.

परंतु काशीच्या परिसरात कानाची आणखी एक भाषा आहे, आणि ती या सर्वांच्या विरोधात बोलते. सारनाथच्या संग्रहालयात गुप्तकाळातील, धर्मचक्रप्रवर्तन करणारी बुद्धमूर्ती आहे. तिच्या कानांच्या पाळ्या लांब आहेत, आणि रिकाम्या आहेत. राजपुत्राने जी कुंडले टाकली त्यांचे वजन पाळीत राहिले, कुंडले राहिली नाहीत. शिल्पकाराने त्याग दाखविण्यासाठी काही जोडले नाही. जे होते ते काढून घेतल्याची खूण तेवढी ठेवली. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी मुकुट आणि मोत्यांची माळ लेवून उभा आहे, कारण त्याने अजून जग सोडलेले नाही. हे दोन्ही पुरुषदेह शेजारी ठेवले तर अलंकार आणि विरक्ती यांचे नाते कळते. ज्याला अलंकार होते त्याच्याच रिकाम्या कानाला अर्थ असतो.

नाथपंथीयांनी हा न्याय उलटा केला. त्यांनी संसार सोडला, परंतु कान रिकामे ठेवले नाहीत. पाळी सोडून कानाचे कूर्चाच चिरले आणि त्यात शिंगाच्या, काचेच्या किंवा स्फटिकाच्या जाड मुद्रा घातल्या. जी. डब्ल्यू. ब्रिग्ज यांनी 1938 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या विधीचे सविस्तर वर्णन केले आहे. कान फाटून मुद्रा गळाली तर तो योगी पंथात भ्रष्ट मानला जाई, असे त्यावरून दिसते. ज्या परंपरेतून निवृत्तिनाथ व ज्ञानदेव आले तिच्यात कानातले हे भूषणही नव्हे आणि त्यागाचा अभावही नव्हे. ती दीक्षा आहे. शिवाच्या कानातील सर्पाशी या मुद्रेचे नाते जोडता येते. मणिकर्णिकेच्या कथेत शिवाच्या कानी सर्पही आहे आणि मणीही आहे. योगी आणि गृहस्थ दोघांचीही कर्णभूषणे त्याने एकत्र धारण केली आहेत. अर्धनारीश्वराच्या मूर्तींत तर दोन कानांत दोन जातींची कुंडले असतात, आणि कोणता अर्धा कोणाचा हे ओळखण्यास त्यांचे साहाय्य होते. दोन्ही कान अलंकृत आहेत. भेद केवळ घडणीचा आहे.

मराठी काव्याला ही भाषा घरची होती. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका काशीत, शके 1495 म्हणजे 1573 मध्ये पूर्ण केली. त्या स्कंधाच्या चौदाव्या अध्यायात उद्धवाला जे ध्येय रूप सांगितले आहे त्याच्या सारख्या कानांत मकरकुंडले झळकतात. पंढरपूरच्या विठ्ठलाच्या कानांतील मत्स्याकार कुंडले प्रत्येक वारकऱ्याच्या डोळ्यांपुढे असतात आणि संतांच्या रूपवर्णनांत ती पुनःपुन्हा येतात. आधुनिक समीक्षेत अशा वर्णनांना ‘सांकेतिक’ म्हणून बाजूस सारण्याची प्रथा आहे. संकेत आहेत हे खरेच. परंतु संकेताचेही वास्तवाशी एक नाते असते, आणि ते बदलले की संकेताचा परिणाम बदलतो. सोळाव्या शतकातील श्रोत्याच्या स्वतःच्या कानात बाळी होती. देवाची कुंडले त्याच्या बाळीचीच दिव्य आवृत्ती होती. ज्याचा कान टोचलेलाच नाही अशा वाचकाला तीच ओळ दूरची, केवळ मूर्तीच्या शृंगाराची वाटते. देव आणि भक्त यांच्यातील एक शारीरिक साम्य मधल्या काळात लोपले आहे. त्याची भरपाई कोणत्याही टीपेने होत नाही.

भिकबाळी हा या इतिहासातील खास मराठी अध्याय. कानाच्या वरच्या कडेला, बहुधा उजव्या कानात घातली जाणारी, सोन्याच्या तारेत मोती आणि माणिक किंवा पाचू ओवलेली ही बाळी पेशवाईच्या ऐश्वर्याचे प्रतीक म्हणून आज ओळखली जाते. तिच्या नावात मात्र भीक आहे. लोकपरंपरेत त्याचे स्पष्टीकरण असे की ज्या घरी मुले जगत नसत, तेथे पुढच्या मुलासाठी चार घरी भीक मागून त्या सोन्याची बाळी करीत आणि ती त्याच्या कानात घालीत. मूल भिकाऱ्याचे आहे, त्याच्यावर नजर ठेवण्यासारखे काही नाही, असे मृत्यूला भासवावयाचे. भिकू, भिकाजी, भिकोबा, धोंडू, दगडू ही नावे याच भीतीतून जन्मली. मुलाचे नाक टोचून त्याला मुलगी भासविण्याचीही रीत होती, आणि नथू हे नाव तिची साक्ष देते. काशीच्या आसपास छेदी, छेदीलाल ही नावे आढळतात. त्यांच्याही मुळाशी तेच छिद्र आहे. येथे एक अंतर ध्यानात घेण्यासारखे आहे. मुलाच्या नाकात घातलेला दागिना त्याला स्त्री करीत असे, कानात घातलेला करीत नसे. नाकातील अलंकाराचा प्राचीन संस्कृत वाङ्मयात मागमूस नाही, असे प. कृ. गोडे यांनी आपल्या संशोधनात दाखविले आहे. तो उशिरा आला आणि आरंभापासून स्त्रीचा राहिला. कान मात्र दोघांचा होता.

भिकेच्या सोन्याची ही बाळी सरदारांच्या आणि दशग्रंथी वैदिकांच्या कानात मोत्यांची केव्हा व कशी झाली, याची पायरीपायरीने संगती लावणे कठीण आहे. पण दागिन्यांच्या बाबतीत असे घडते. भीतीपोटी घातलेली वस्तू सवयीने राहते, सवयीची वस्तू शोभेची होते, आणि शोभेची वस्तू मानाची ठरते. काळही अनुकूल होता. 1614 साली जहांगीर बादशहाने अजमेरच्या ख्वाजा मुईनुद्दीन चिश्तींच्या कृपेने आपण आजारातून उठलो या भावनेने कान टोचून घेतले आणि मोती घातले. दरबाऱ्यांनी त्याचे अनुकरण केले. गुलामाच्या कानात कडे असते, तसे ते संताच्या दास्याचे चिन्ह होते. पुढे उत्तरेतील दरबारी पेहरावात मोती आले ते धर्मभेद न पाहता. जेम्स वेल्स याने 1790 नंतरच्या काही वर्षांत पुण्यात रंगविलेल्या सवाई माधवराव व नाना फडणीस यांच्या चित्रांत दरबारी पुरुषाचा मोत्यांशी असलेला परिचय पूर्णपणे दिसतो. त्या मोत्यांमुळे कोणाच्याही पौरुषाविषयी शंका घेण्याचे त्या काळी कोणाच्या मनात आले नसते. इंग्रजांच्याही पूर्वजांच्या आले नव्हते. वॉल्टर रॅले मोती घालीत असे, आणि 1649 साली पहिला चार्ल्स वधस्तंभाकडे गेला तो कानात मोती घालूनच. पुढील दीडदोनशे वर्षांत युरोपीय सभ्य पुरुषाने रंग, जर आणि रत्ने टाकून काळा कोट स्वीकारला. आणि जी गोष्ट त्याने स्वतः नुकतीच टाकली होती ती पौर्वात्यांच्या कानात पाहून तो तिला बायकी म्हणू लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नवशिक्षितांच्या कानांतून बाळी गेली ती या दृष्टीच्या प्रभावाखाली. त्यासाठी कोणी चळवळ केली नाही. विधवांचे केशवपन, बालविवाह, स्त्रियांचा पोशाख यांवर वाद माजले. आगरकरांनी स्त्रियांनी जाकिटे घातलीच पाहिजेत असा लेख लिहिला. पुरुषाच्या कानाविषयी मात्र रणे माजली नाहीत. ती बाळी निमूटपणे काढून ठेवण्यात आली. खेड्यातील शेतकरी, मेंढपाळ, वृद्ध पाटील यांनी ती काढली नाही, आणि वैदिकांनी काढली नाही. त्यामुळे एक चमत्कारिक परिणाम घडला. जो दागिना सरदार, शास्त्री आणि कुणबी यांना समान होता तो आता ‘जुन्या’ माणसाची खूण झाला. कचेरीत जाणाऱ्या मुलाच्या मोकळ्या कानापुढे बापाच्या कानातील बाळी अचानक खेडवळ किंवा भिक्षुकी दिसू लागली. त्याच सुमारास, 1894 साली, रविवर्म्याचा छापखाना मुंबईत निघाला आणि रत्नकुंडले घातलेले राम, कृष्ण व शंकर घरोघरी भिंतींवर लागले. माणसाच्या कानातून गेलेले कुंडल देवाच्या कानात रंगीत शाईने कायम झाले.

पुरुषाच्या अलंकाराला उघड, जाहीर आव्हान मिळाले ते काशीतच, आणि तेही सर्वस्वी निराळ्या दिशेने. 1916 च्या फेब्रुवारीत काशी हिंदू विश्वविद्यालयाचा पायाभरणी समारंभ झाला. 4 तारखेला लॉर्ड हार्डिंग यांनी कोनशिला बसविली. 6 तारखेच्या सभेत, दरभंग्याच्या महाराजांच्या अध्यक्षतेखाली, दक्षिण आफ्रिकेतून परतून जेमतेम एक वर्ष झालेले मोहनदास गांधी बोलावयास उभे राहिले. समोर राजेमहाराजे बसलेले होते. पॅरिसचा मोठ्यात मोठा जवाहिऱ्यादेखील डोळे भरून पाहील असे ते रत्नांचे प्रदर्शन आणि देशातील कोट्यवधी दरिद्री लोक यांची तुलना त्यांनी केली. हे दागिने उतरवून देशबांधवांचे विश्वस्त म्हणून ते ठेवल्याखेरीज हिंदुस्थानला तरणोपाय नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. विश्वनाथाच्या मंदिराभोवतीची घाण, व्हाइसरॉयच्या रक्षणासाठी नेमलेले गुप्त पोलीस, परभाषेतून बोलावे लागण्याची लाज, हे सारे त्या भाषणात आले. ॲनी बेझंट यांनी मध्येच थांबविण्याचा प्रयत्न केला, राजेलोक उठून गेले, अध्यक्षांनी आसन सोडले आणि सभा मोडली.

या भाषणात दागिना बायकी आहे असे कोठेही नाही. तो जुनाट किंवा अंधश्रद्धेचा आहे, असेही नाही. तो दुसऱ्याचा आहे, असे आहे. पुरुषाचा कान उघडा पडण्यास जी कारणे एकत्र आली त्यांत हा भेद महत्त्वाचा आहे. साहेबाच्या दृष्टीला कुंडलात पौरुषाची उणीव दिसली, सुधारकाला बुद्धीची, आणि गांधींना करुणेची. फळ तिन्हींचे एकच दिसते, आणि त्यामुळे या तिघांची गल्लत होते. सारनाथच्या बुद्धाचे रिकामे कान आणि कचेरीतल्या कारकुनाचे रिकामे कान बाहेरून सारखेच. गांधींचा आक्षेप जुन्या त्यागविचाराला जवळचा आहे. फरक एवढाच की बुद्धाने कुंडले टाकली ती स्वतःच्या मुक्तीच्या वाटेवर, आणि गांधी ती मागतात ती दुसऱ्याच्या भुकेचा हिशेब दाखवून.

त्या भाषणाचे एक मराठी फलित सर्वश्रुत आहे. 1916 च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनायक नरहरी भावे वाटेत सुरतेस उतरले आणि काशीस आले. तेथे संस्कृताचा अभ्यास करीत असता त्या सभेचा वृत्तांत त्यांच्या वाचनात आला. त्यांनी गांधींना पत्र लिहिले, आणि 7 जून 1916 रोजी कोचरब आश्रमात ते त्यांना भेटले. हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती यांच्या ओढीने घर सोडलेल्या त्या तरुणाला जी वाट सापडली तिचा आरंभ राजांच्या दागिन्यांवरील टीकेपासून झाला. ज्या काशीत स्नातकाला कुंडले द्यावीत असे शिकविले जात होते, तेथेच एका विद्यार्थ्याने पदवीचेही आभूषण टाकून दिले.

आणि तरीही त्याच काशीत, गंगेच्या पलीकडे रामनगरला, अनंत चतुर्दशीपासून सुमारे महिनाभर चालणाऱ्या रामलीलेत ब्राह्मणांची लहान मुले राम, लक्ष्मण, भरत, शत्रुघ्न आणि सीता यांची स्वरूपे होतात. मुकुट, कुंडले, माळा घातलेल्या त्या मुलांना वृद्ध, विद्वान, धनिक सर्व नमस्कार करतात. लीला संपली की दागिने उतरतात आणि मुलगा शाळेत जातो. अलंकृत पुरुषाविषयीचा आदर नाहीसा झालेला नाही, त्याला वर्षातील काही रात्री नेमून दिल्या आहेत.

साहित्यातही असेच काही राखीव प्रदेश राहिले. कर्ण हा त्यांतील सर्वांत मोठा. ‘कवचकुंडले’ हा शब्द मराठीत उपजत सामर्थ्याचा वाचक झाला आहे. तो उच्चारताना कोणाच्याही मनात नाजूकपणाची छटा येत नाही. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने 1967 साली, आणि रणजित देसाईंच्या ‘राधेय’ने 1973 साली कर्णाला मराठी वाचकाच्या मनात जी जागा दिली तिच्या केंद्रस्थानी हे देहाला चिकटलेले, मागितल्यावर दिले गेलेले कुंडल आहे. इंद्र भिक्षुकाच्या वेषाने येऊन ते मागतो. भिकबाळीच्या लोककथेत मुलगा जगावा म्हणून आई सोने मागते. येथे पोराला जगविणारे सोनेच मागून नेले जाते. या दोन कथा एकमेकींच्या आरशातील प्रतिमा आहेत, आणि मराठी समीक्षेने त्यांच्याकडे एकत्र पाहावे एवढ्या त्या जवळच्या आहेत. भाषेनेही आपली आठवण जपली आहे. ‘कान टोचणे’ म्हणजे समज देणे, आणि ते सोनारानेच करावे, असे आजही ज्यांचे कान कधी टोचले गेले नाहीत असे पुरुष एकमेकांना सांगतात.

गेल्या पन्नास वर्षांत चित्र पुन्हा बदलले. पाश्चात्त्य देशांत 1960 नंतरच्या तरुणांनी, गायकांनी व पुढे खेळाडूंनी पुरुषाच्या कानात कडी आणली, आणि चित्रपटांच्या वाटेने ती काशीच्या गल्ल्यांतही पोहोचली. घरातील वडील माणसांना ती खटकली. ज्या आजोबांच्या कानाला भोक होते तेही नातवाच्या कडीवर रागावले. नंतर ऐतिहासिक मालिका आणि 2015 चा ‘बाजीराव मस्तानी’ यांनी भिकबाळी पुढे आणली. पुण्यातील ढोलताशा पथकांत, लग्नातील नवरदेवांच्या पोशाखात, गणेशोत्सवातील मिरवणुकांत ती दिसू लागली. येथे लक्षात घेण्यासारखे असे की पाळीच्या तळाशी असलेली कडी ‘फॅशन’ ठरते आणि दीड बोट वर असलेली बाळी ‘संस्कृती’ ठरते. तोच कान, तेच सोने, कित्येकदा तोच तरुण. घरचा विरोधही त्याप्रमाणे मावळतो किंवा उसळतो. परंपरेचे नाव लावलेला दागिना इंग्रजी शिकलेल्या पणजोबांनी नेमका कशासाठी उतरविला होता हे त्या तरुणाला सहसा ठाऊक नसते, आणि त्या बाळीच्या नावातील भीकही त्याला ऐकू येत नाही. ती पराक्रमाची खूण म्हणूनच घेतली जाते. जातीचा प्रश्नही त्यात आहे. जो दागिना वैदिकांपासून धनगरांपर्यंत अनेकांच्या कानात वेगवेगळ्या घडणीने होता, त्याची एक दरबारी घडण निवडून तिलाच मराठी पुरुषाचे भूषण म्हणणे हे इतिहासाचे पुनरुज्जीवन कमी आणि वेशभूषाकाराची निवड अधिक आहे.

सराफांनी या नव्या मागणीसाठी एक सोय केली आहे. कान न टोचता वरच्या कडेला नुसती दाबून बसविता येणारी भिकबाळी आता दुकानांतून मिळते. सुश्रुताने सूर्याच्या उजेडात शोधावयास सांगितलेली ती पातळ जागा शोधण्याचे, वात बदलण्याचे आणि तिथी पाहण्याचे कारण उरत नाही. मिरवणूक संपली की ती काढून डबीत ठेवता येते.